गेटच्या आतलं घड्याळ

ट्रेलरचं नाक गेटच्या कॅमेऱ्याखाली आलं की टर्मिनलचं घड्याळ सुरू होतं आणि शेपूट बाहेर पडलं की थांबतं. मधल्या वेळेला म्हणतात टर्न-अराउंड टाइम. बंदरात नवं सॉफ्टवेअर बसलं की पहिली बातमी या आकड्याची येते: आधी इतकी मिनिटं लागायची, आता इतकीच लागतात. मग उद्घाटनाचा कार्यक्रम: मागे एलईडीचा पडदा, पुढे शाली-श्रीफळ, मधे एक दोन मिनिटांची चित्रफीत, तिच्यात निळ्या आकाशाखाली एकही माणूस नसलेलं यार्ड. त्याच वेळी तोच ट्रेलर बंदराबाहेर करळ फाट्याच्या अलीकडे कालपासून ज्या गटाराच्या कडेला उभा असतो, ते गटार कुठल्याही सिस्टममध्ये नसतं.

डॉक्टरांच्या खोलीत सात मिनिटं, बाहेरच्या बाकावर तीन तास, आणि दारावर पाटी 'आमच्याकडे सात मिनिटांत तपासणी'! न्हावा-शेवा बंदरात ज्याला आधुनिकीकरण म्हणतात, त्यातला निम्मा भाग म्हणजे ही पाटी आहे. सॉफ्टवेअरने बंदरातली ताटकळ संपवली असं आम्हाला सांगितलं जातं. ती संपलेली नाही. ती उचलून गेटबाहेर ठेवली आहे. आत होती तेव्हा ती टर्मिनलच्या हिशोबात दिसायची. आता ती माझ्या डिझेलच्या बिलात, ड्रायव्हरच्या झोपेत आणि उरण तालुक्याच्या रस्त्यांवर दिसते, म्हणजे ज्यांनी बघायला हवं त्यांना दिसतच नाही.

मी कोणी पुढारी नाही. माझे ट्रेलर या बंदरात चालतात. त्याआधी एका सर्व्हेअर कंपनीत टॅली क्लार्क होतो. त्यामुळे कागदाच्या काळाची आरती ओवाळणारे भेटले की मला हसू येतं. तो काळ मी धक्क्यावर उभा राहून बघितलाय. जुलैच्या पावसात रेनकोटच्या आत वही धरून, टॉर्चच्या उजेडात, क्रेनला लटकणाऱ्या डब्याचा, म्हणजे कंटेनरचा, नंबर टिपायचा. चार अक्षरं, सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत छापलेला सातवा आकडा. तो सातवा आधीच्या दहांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे टिपताना एक आकडा चुकला तरी ताळा जुळत नाही आणि चूक पकडता येते. पण पहाटे तीनला भिजलेल्या माणसाने ते गणित कधी करायचं? तीनचा आठ व्हायचा आणि डबा हरवायचा. चाळीस फुटी लोखंडी पेटी, आत वीस-पंचवीस टन माल, आणि दोन दिवस कोणालाच सापडायची नाही. मग यार्डात एक ठरावीक माणूस असायचा, त्याला डबा कुठे आहे ते बरोबर माहीत असायचं, आणि ते त्याला आठवायला चहापाणी लागायचं.

हे सगळं सॉफ्टवेअरने मोडलं. चांगलं केलं. डब्याला पत्ता मिळाला: कुठला ब्लॉक, कुठली बे, कुठली रांग, कितवा थर. चहापाण्याची दुकानं बंद झाली, निदान यार्डातली. १९८९ मध्ये हे बंदर सुरू झालं, १९९९ मध्ये इथेच देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल आलं, आणि २०२४-२५ या वर्षात इथून सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी मापाचे तेवढे डबे, हलले. एवढा पसारा वह्यांवर चालला असता असं म्हणणाऱ्याने एकदा तरी धक्क्यावर पाऊस अंगावर घ्यावा. तेव्हा 'हा संगणकाला घाबरतो' अशी माझी बोळवण करू नका. माझं भांडण संगणकाशी नाही, त्याला कोणाचं ऐकायला शिकवलंय त्याच्याशी आहे.

यार्डाचं गणित समजून घ्या, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. यार्डात डबे चार-चार, पाच-पाच थरांनी रचलेले असतात. निर्यातीचे डबे लावताना सोपं असतं. कुठल्या जहाजाचे, कुठल्या बंदराचे, जड की हलके, सगळं आधी ठाऊक असतं आणि त्या हिशोबाने रास लागते. आयातीचं तसं नाही. जहाजातून उतरलेला डबा कोण, कोणत्या दिवशी, किती वाजता न्यायला येईल हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून जो हवा तो बहुधा तळाशी असतो. तो काढायचा तर वरचे चार उचलून बाजूला ठेवायचे. याला शफलिंग म्हणतात, आणि या उचलाउचलीचे पैसे टर्मिनलला वेगळे मिळत नाहीत. ट्रेलर येण्याची वेळ आधी कळली तर हे काम रात्री निवांत करून ठेवता येतं. ट्रकची वेळ आधी नोंदवून घेण्याची पद्धत जगभर आली ती त्यासाठी. कल्पना झकास आहे, मला पूर्ण मान्य आहे.

आता क्रेनच्या केबिनमध्ये चला. यार्डातल्या आरटीजी क्रेनच्या ऑपरेटरसमोर एक पडदा असतो, त्यावर कामांची यादी येते. खाली दोन वाहनं उभी आहेत. एक आतलं, जहाजाकडून डबा घेऊन आलेलं, आणि एक बाहेरचं, माझं. आधी कोण? हे ऑपरेटर ठरवत नाही, सॉफ्टवेअर ठरवतं. आणि सॉफ्टवेअर तरी कशावरून ठरवतं? कोणीतरी बैठकीत बसून कोणत्या कामाला किती वजन द्यायचं ते त्यात भरलेलं असतं. जहाजावरची क्रेन क्षणभर थांबली की मुंबईपासून सिंगापूरपर्यंत फोन खणखणतात. माझा ट्रेलर चार तास थांबला तर माझाच फोन खणखणतो, आणि तो ड्रायव्हरचा असतो. तेव्हा यादीत माझं नाव कुठे असणार ते सांगायला नको. एकाचा वेळ सोन्याचा आणि दुसऱ्याचा मातीचा, हा भाव सॉफ्टवेअरने काढलेला नाही. माणसांनी काढला आणि सॉफ्टवेअरच्या तोंडून वदवून घेतला. फरक इतकाच की पूर्वी असा भाव करणाऱ्या माणसाशी भांडता यायचं.

तरीही आत थांबलो तर निदान घड्याळ चालू असतं. मिनिटं वाढली की टर्मिनलच्या आकड्याला डाग लागतो. मग त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय कोणता? क्रेन वाढवायच्या नाहीत, माणसं वाढवायची नाहीत. गेट धीमं करायचं. चार लेन आहेत, दोन चालू ठेवायच्या. आत गाड्याच कमी सोडल्या की प्रत्येक गाडी झटपट सुटते, सरासरी सुधारते आणि आकडा बातमीत जातो. बाहेर रांग जसखारपर्यंत जावो नाहीतर गव्हाण फाट्यापर्यंत, ती कोणाच्याच सरासरीत नाही. यात कोणी लबाडी करतं असंही म्हणायची गरज नाही. ज्या आकड्यावर बढती मिळते तो सुधारायचा रस्ता माणूस डोळे मिटूनही शोधतो.

आणि हे चालतं, कारण टर्मिनलच्या लेखी मी ग्राहकच नाही. त्याचा ग्राहक जहाज कंपनी. टर्मिनल निवडते ती, टर्मिनलला पैसे देते ती, आणि ते आयातदार-निर्यातदाराकडून टर्मिनल हँडलिंग चार्ज म्हणून वसूल करते तीच. नाशिकचा बागाईतदार, भिवंडीचा व्यापारी, पनवेलचा ट्रेलरवाला यांच्यापैकी कोणालाही 'मला हे टर्मिनल नको, शेजारचं दे' असं म्हणता येत नाही. ज्याला दुकान बदलता येत नाही त्याच्यासाठी कोणी दुकानात खुर्ची मांडत नाही. पूर्वी दरांवर नजर ठेवायला मोठ्या बंदरांसाठी 'टॅम्प' नावाचं एक प्राधिकरण होतं. ते फार काही करायचं अशातला भाग नाही, पण निदान अर्ज कुठे करायचा ते ठाऊक होतं. २०२१ च्या कायद्याने तेही गेलं.

एक प्रसंग सांगतो. २०२४ चा द्राक्षाचा हंगाम. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून चाललेली, त्यामुळे कोणत्याच जहाजाच्या तारखेला अर्थ उरलेला नव्हता. पिंपळगाव बसवंतहून रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा डबा, भरून माझा ट्रेलर निघाला. आतलं तापमान शून्याच्या आसपास धरायचं, त्यासाठी ट्रेलरवरचा जनरेटर, म्हणजे जेनसेट, चालू, आणि जेनसेटला डिझेल. गेटमध्ये शिरायचा फॉर्म १३ झालेला, सील लागलेलं, वजनाचा दाखला जोडलेला, कागदात बोट ठेवायला जागा नाही. रात्री पावणेबाराला आष्टीचा माझा ड्रायव्हर फोन करतो.

"शेठ, खिडकीवरचं पोरगं म्हणतंय तुमचं व्हेसल ओपन नाही."

"अरे, दुपारी बघितलं मी. ओपन होतं."

"तो पण तेच म्हणतो. दुपारी होतं म्हणतो."

जहाज लांबलं होतं, म्हणून त्या जहाजाचं गेट उघडण्याची वेळ संध्याकाळी पुढे ढकलली होती. ढकलली ती सॉफ्टवेअरमध्ये. कसारा घाट उतरून आलेल्या ट्रेलरला ते कळायची काही सोय नव्हती. जहाज कंपनीच्या पोर्टलवर एक तारीख, टर्मिनलच्या पोर्टलवर दुसरी, आणि माझ्या हातातल्या छापील फॉर्मवर तिसरी. खिडकीवरच्या पोराच्या पडद्यावर लाल ओळ. तो बिचारा चांगला होता, पण त्याच्या हातात फक्त 'पुढे' आणि 'मागे' ही दोनच बटणं. "वरून बदलावं लागेल," म्हणाला. वर म्हणजे प्लॅनिंग. प्लॅनिंगला फोन लावला तर "लाइनचा मेल येऊ द्या, साहेब." लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, मेल टाकला तर उत्तर तात्काळ आलं, कारण ते उत्तरही सॉफ्टवेअरचंच होतं: आपल्या पत्राबद्दल आभार, कार्यालय सकाळी साडेनऊला उघडेल. टर्मिनल चोवीस तास चालतं, त्यातला निर्णय मात्र कार्यालयीन वेळेत होतो.

ट्रेलर गेटवरून मागे फिरवला. रीफरला लावायला प्लग आतमध्ये, ट्रेलर बाहेर. आत प्लगवर असता तर तापमान अर्धा अंश हललं तरी पडद्यावर घंटा वाजली असती. रस्त्याच्या कडेला घंटा म्हणजे ड्रायव्हरचे कान. जेनसेटचा आवाज बदलला की उठायचं. तो रात्रभर असा जेनसेटचा आवाज ऐकत पडला, सकाळी कॅनमधून डिझेल आणलं, दुपारी गेट उघडलं. आत गेला आणि पाऊण तासात डबा उतरवून बाहेर आला. पाऊण तास! त्या महिन्याच्या सरासरीत माझा ट्रेलर टर्मिनलची शोभा वाढवून गेला. आठवड्याने ई-चलन आलं. त्या रात्री रस्त्यावर गाडी उभी केली म्हणून. एका सिस्टमने रस्त्यावर उभं केलं आणि दुसऱ्या सिस्टमने रस्त्यावर उभं राहिल्याचा दंड केला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. द्राक्षांचं काय झालं ते रॉटरडॅमला कळलं असेल, मला डिझेलचं आणि दंडाचं कळलं. हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, मागितले तर माल पाठवणारी पार्टी म्हणते लाइनकडे मागा, लाइन म्हणते टर्मिनलकडे मागा, आणि टर्मिनल म्हणतं आमच्या रेकॉर्डला तुमची गाडी पाऊण तासच होती.

बंदराने वाहनतळ बांधला हे मी विसरलेलो नाही. ४५ हेक्टर जागा, दीड हजारांच्या आसपास ट्रेलर मावतात, आणि ड्रायव्हरला शौचाला जायला जागा आहे. हे शेवटचं फार मोठं आहे, ज्याने उन्हाळ्यात पाम बीचपासून जासईपर्यंत गाडी ओढलीय त्याला विचारा. पण वाहनतळ म्हणजे रांगेला घातलेलं छप्पर. छप्पर घातल्याने रांग लहान होत नाही. शिवाय तिथे घालवलेला वेळ पुन्हा गेटच्या बाहेरचाच, म्हणजे कोणाचाच नाही.

बरं, बंदर एक असलं तरी टर्मिनलं पाच. चालवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, प्रत्येकीचं सॉफ्टवेअर वेगळं, पोर्टल वेगळं, फॉर्म भरायची तऱ्हा वेगळी. जगातली बरीच टर्मिनलं नॅव्हिसचं एन-फोर वापरतात, काही बडे ऑपरेटर आपलं स्वतःचं लिहून घेतात. ज्याचं त्याने घ्यावं, माझी हरकत नाही. पण एकाच डब्याचा तोच अकरा खुणांचा नंबर कस्टमचं काम करणाऱ्या सीएचएच्या ऑफिसातलं पोरगं किती ठिकाणी टाइप करतं ते एकदा मागे उभं राहून बघा. कस्टमचं आइसगेट, जहाज कंपनीचं पोर्टल, टर्मिनलचं पोर्टल, कंटेनर फ्रेट स्टेशनचं, वाहतूकदाराचं. हे एकत्र आणायला सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये पीसीएस-१एक्स आणलं. मग जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल लॉजिस्टिक्स पोर्टल-मरीन आणलं. प्रत्येक वेळी शब्द एकच, एक खिडकी. अनुभव असा की दर नव्या एक-खिडकीबरोबर खिडक्यांत एकीची भर पडते, कारण जुनी कोणी बंद करत नाही.

सिंगापूरचं नाव आपल्याकडे देवासारखं घेतात, तर देवाने काय केलं तेही बघा. तिथल्या बंदराने १९८४ मध्ये पोर्टनेट काढलं, म्हणजे जहाज कंपन्या, वाहतूकदार, सरकारी खाती यांना एका धाग्यात ओवलं. यार्ड आणि क्रेन चालवणारं सिटॉस त्यानंतर, १९८८ मध्ये. आधी माणसं जोडली, मग क्रेन. त्याच सिंगापूरची पीएसए आज आपल्याकडे एक टर्मिनल चालवते. धक्का त्यांचा चकाचक आहे, प्रश्नच नाही. पण धक्क्याबाहेरचं सिंगापूर काही त्यांच्या कंत्राटात नव्हतं, ते आपणच आणायचं होतं.

नवं सॉफ्टवेअर लावण्याचा दिवस हा तर स्वतंत्र विनोद आहे. त्याआधी एक सभा होते. हॉटेलात. पहिल्या रांगेत जहाज कंपन्या, दुसऱ्या रांगेत सीएचएंच्या संघटना, आणि मागे पंख्याखाली आम्ही. सल्लागार नुकताच विमानातून उतरलेला असतो. त्याला यार्डाचा नकाशा पाठ असतो, पण दास्तान फाटा कुठे आहे ते माहीत नसतं. तास-दीड तास उंटावरून शेळ्या हाकून झाल्या की शेवटची पाच मिनिटं आमची. 'एनी क्वेश्चन्स?' एकाने विचारलं होतं, "सिस्टम बंद पडली तर गाडीने काय करायचं?" उत्तर मिळालं, "ती बंद पडणार नाही." जेवण मात्र चांगलं होतं.

बंद पडते. बड्याबड्यांची पडते. न्यूजर्सीतलं माहेर टर्मिनल, न्यूयॉर्क बंदरातल्या मोठ्यांपैकी एक. जून २०१३ मध्ये त्यांनी जुनं काढून नवं सॉफ्टवेअर लावलं आणि उन्हाळाभर ट्रकच्या रांगा लागल्या, जहाजं दुसरीकडे वळवावी लागली. ब्रिटनचं सर्वात मोठं कंटेनर बंदर फेलिक्स्टो. जून २०१८ मध्ये तिथे कंपनीने स्वतः लिहिलेली प्रणाली आली आणि कित्येक आठवडे तीच गत. ट्रकवाल्यांना गेटची वेळच मिळेना, जहाज कंपन्यांनी फेऱ्या इतर बंदरांत नेल्या. यांना पैशाची वाण नव्हती, चाचण्या केल्या नाहीत असंही नाही. चाचणीत सगळे डबे सरळ असतात. खऱ्या यार्डात सील बदललेला, बुकिंग पुढे ढकललेला, कस्टमने अडवलेला, नंबर गंजून पुसलेला असे डबे असतात, आणि टर्मिनल अडतं ते या वाकड्या डब्यांपाशी. जुना क्लार्क त्यांची वाट अनुभवाच्या हिशोबाने लावायचा. नव्या सिस्टममध्ये त्यांच्यासाठी 'ट्रबल डेस्क' असतो, आणि त्या डेस्कवर सगळ्यात नवखा, सगळ्यात कमी पगाराचा, सगळ्यात कमी अधिकाराचा माणूस बसवलेला असतो. कठीण काम सगळ्यात हलक्या माणसाला, हे आधुनिक व्यवस्थापन.

आणि हल्ला झाला तर? २७ जून २०१७. नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क कंपनीचे संगणक जगभर मारले. मूळ भांडण युक्रेन-रशियाचं, ठप्प झालं न्हावा-शेव्यातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल. डबे आहेत, क्रेन आहेत, माणसं आहेत, पण कोणता डबा कुठे आहे ते सांगणारा पडदा काळा. पुढे जानेवारी २०१८ मध्ये मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलं की दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले, आणि त्या काळात मालाचं प्रमाण फक्त वीस टक्क्यांनी घटलं. उरलेलं ऐंशी टक्के काम लोकांनी हातानं रेटलं. ज्या माणसांना सॉफ्टवेअर आल्यावर 'जादा' ठरवतात, ऐन वेळी बोट त्यांनीच हाकली. हे वाक्य आपल्या कुठल्याही सादरीकरणात मी पाहिलेलं नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा. या वेळी बंदराच्या स्वतःच्या टर्मिनलवर खंडणीखोर विषाणू, आणि जहाजं शेजारच्या टर्मिनलांकडे. जुलै २०२३ मध्ये जपानच्या नागोयाची पाळी आली आणि अडीच दिवस कंटेनरचं काम बंद राहिलं. म्हणजे हे आकाशातून पडणारं संकट नाही, ठरावीक अंतराने येणारा पाहुणा आहे. मग कागदी गेट पास छापून ठेवलेत का? ते भरायचे कसे हे आजच्या पोरांना कोणी शिकवलंय का? वर्षातून एक दिवस तरी सगळे पडदे बंद करून तालीम होते का? मी हे एका सभेत विचारलं तेव्हा लोकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू लग्नात मी तेराव्याचा विषय काढला.

सिस्टम पडते तेव्हा गेट बंद होतं, पण डबा यार्डात राहिल्याच्या भाड्याचं, म्हणजे ग्राउंड रेंटचं, घड्याळ पडत नाही. ते वेगळ्या सर्व्हरवर असतं की काय कोण जाणे. डबा न्यायला तुम्ही दारात उभे, दार त्यांचं बंद, आणि फुकटचे दिवस तुमचे संपत चाललेले. माफी मिळते कधी कधी. त्यासाठी अर्ज करायचा, पुरावा जोडायचा, पाठपुरावा करायचा. भाडं आपोआप लागतं, माफी मागून घ्यावी लागते. हा एक नियम वाचला की सॉफ्टवेअर कोणी कोणासाठी लिहून घेतलं ते समजतं.

टॅली क्लार्कची नोकरी गेली याचं मला दुःख नाही. पावसात नंबर टिपायची नोकरी जायलाच हवी होती, कॅमेरे ते काम बरं करतात. पण १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई-नवघरला पाच माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी पडली, त्या गावांना सांगितलं होतं की बंदर आलं की पोरं कामाला लागतील. म्हात्रे, घरत, ठाकूर ही आडनावं आज गेटवरच्या सिक्युरिटीत आणि डबे बांधणाऱ्या लॅशिंगच्या गँगमध्ये लगेच सापडतात. प्लॅनिंगच्या एसी खोलीत ती शोधावी लागतात. यार्ड प्लॅनर व्हायला काही रॉकेट उडवता यावं लागत नाही.

आता पालघरला वाढवण बंदर येऊ घातलंय. सुमारे ७६ हजार कोटींचं, नऊ कंटेनर टर्मिनलांचं, एकेक टर्मिनल एक हजार मीटर लांब. तिथल्या मच्छीमारांचा विरोध हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो दोन ओळींत उरकायचा नाही. मी फक्त माझ्या धंद्याचं बोलतो. तिथे सगळं 'स्मार्ट' असणार हे आतापासून ऐकतोय. नऊ टर्मिनलं, म्हणजे नऊ पोर्टलं, नऊ ट्रबल डेस्क, आणि वर दहावी एक खिडकी? करार कागदावर येतील तेव्हा त्यात एवढं लिहा. गाडी बंदराच्या वाहनतळात शिरली की टर्मिनलचं घड्याळ सुरू, गेटवर नव्हे. ठरावीक तासांवर गेली की हॉल्टिंग टर्मिनलने द्यायचं, अर्ज न करता, जसं भाडं अर्ज न करता लागतं. सिस्टम पडली त्या मिनिटापासून ग्राउंड रेंट बंद. जहाजाची वेळ बदलली तर निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरला फोनवर, त्याला कळेल त्या भाषेत निरोप, आणि निरोप पोचायच्या आत जो गेटवर आला त्याला आत जागा. आणि खिडकीवर रात्री पावणेबारालाही असा एक माणूस, ज्याला 'हो' म्हणायचा अधिकार आहे.

तांत्रिक अडचण मला सांगू नका. टोलनाक्यावर माझ्या काचेवरचा फास्टॅग धावत्या गाडीत वाचून पैसे कापले जातात. डब्यांवर आरएफआयडी लावून ते देशभर कुठून कुठे गेले हे २०१६ पासून याच बंदरातून टिपलं जातंय, आणि त्याचेही पैसे डब्यामागे आमच्याकडूनच जातात. वाहनतळावर गाडी कधी शिरली आणि गेटवर कधी पोचली ही वजाबाकी आहे, तिला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. ती वजाबाकी एकदा टर्मिनलच्या खात्यावर टाका आणि तिला रुपयांत दर लावा. मग बंद पडलेल्या दोन लेन कशा पहिल्याच महिन्यात दुरुस्त होतात ते बघा.